पेटीतलं खलाशाचं युद्धाचं मेडल: मेडलपासून माणसापर्यंत कसं पोचायचं

कोकणातून पुण्यात येऊन दोन-तीन पिढ्या झालेल्या बऱ्याच घरांत एक पत्र्याची पेटी असते आणि त्यात काळी पडलेली दोन-तीन मेडलं असतात, आणि घरात एवढंच माहीत असतं की पणजोबा "बोटीवर" होते आणि महायुद्धात होते. कुठल्या बोटीवर, कुठल्या हुद्द्यावर, कुठे गेले, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. आमच्या आईचे आजोबा दापोली तालुक्यातले, आगबोटीवर सुकाणी होते, त्यांचे कागद लावता लावता जे हाताशी आलं ते इथे सगळं क्रमाने लिहितोय, कारण मराठीत हे एका जागी मला कुठे मिळालं नाही आणि ज्यांना हे आठवतं ती माणसं आता भराभर जातायत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. माणसाच्या नावाने शोधायला सुरुवात करू नका, बोटीच्या नावाने करा. दुसऱ्या महायुद्धाच्या ब्रिटिश स्टार मेडलांवर व्यापारी खलाशाचं नाव कोरलेलं नसतं, आणि कागदांत आपल्या लोकांची नावं इतकी वेडीवाकडी लिहिलीयत की नुसत्या नावाने सर्च केलं तर एक तर काहीच येत नाही किंवा शेकडो इब्राहिम आणि शेकडो बाळू येतात. बोट मात्र एकच असते, तिला स्वतःचा नंबर असतो, ती कधी कुठल्या बंदरात होती ते नोंदलेलं असतं. बोट सापडली की माणूस सापडतो.

पहिलं काम: काहीही घासू नका

मेडल हातात आलं की घरातलं कोणीतरी पितांबरी किंवा चिंच घेऊन येतं, त्याला थांबवा. वरचा तपकिरी-काळा थर हे धातूचं वयच आहे, तो घासला की अक्षरांच्या कडा झिजतात आणि कडेला बारीक नाव असेल तर तेही जातं. मऊ कोरड्या सुती कापडाने धूळ झटका, बस. जुनी रिबन काढून नवी लावायची नाही, मळलेली, विरलेली असली तरी तीच ठेवायची, कारण पुढची अर्धी ओळख रिबनच्या रंगावरून पटते.

मग फोटो. दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी, फ्लॅश बंद, पुढची बाजू, मागची बाजू आणि मेडलची कड गोल फिरवत सगळीकडून. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. पेटीतले बाकीचे कागद, पाकीट, खोका, चिठ्ठी, ज्या क्रमाने ठेवलेले होते त्याच क्रमाने फोटो काढा आणि त्यातलं काहीही, अगदी रिकामं पाकीटसुद्धा, फेकू नका. मेडलं यायची त्या खोक्यावर किंवा पाकिटावर पत्ता आणि नाव असतं, मेडलवर नसलेलं नाव तिथे मिळू शकतं.

कागद असतील तर हात जोडून विनंती आहे, लॅमिनेशन करू नका. अप्पा बळवंत चौकात पाच मिनिटांत करून मिळतं म्हणून लोक जन्मदाखल्यासारखं हेही करून आणतात आणि मग आतला कागद कायमचा गरम प्लास्टिकमध्ये चिकटून बसतो, पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नको, दहा वर्षांत पिवळी पडते आणि शाई ओढून घेते. घडी कडक झाली असेल तर जबरदस्तीने उघडू नका, उघडता येईल तेवढ्याचा ६०० डीपीआयवर स्कॅन करा.

मेडल ओळखायचं कसं

आधी पहिलं युद्ध की दुसरं ते ठरवा. पहिल्या युद्धातलं व्यापारी खलाशांचं खास मेडल म्हणजे मर्कंटाइल मरीन वॉर मेडल, ब्राँझचं, गोल, साधारण ३६ मिलिमीटर, मागच्या बाजूला खवळलेल्या समुद्रात चाललेली आगबोट आणि बुडणारी पाणबुडी, खाली १९१४-१९१८. हे १९१९ मध्ये सुरू झालं आणि धोक्याच्या पट्ट्यातून किमान एक सफर केलेल्याला मिळायचं, एकूण १,३३,१३५ दिली गेली. याची रिबन मला फार आवडते: हिरवा, लाल आणि मध्ये बारीक पांढरा पट्टा, म्हणजे रात्री बोटीच्या उजव्या अंगाला हिरवा दिवा, डाव्या अंगाला लाल आणि डोलकाठीवर पांढरा. या मेडलच्या कडेवर माणसाचं नाव असतं, म्हणून भिंगाने कड नीट बघा. याच्या जोडीला बहुतेक वेळा चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल असतं, त्यावर घोड्यावरचा माणूस असतो. चांदी आहे म्हणून अनेकांनी ते सराफाकडे नेऊन वितळवलं, त्यामुळे जोडीतलं एकटं ब्राँझचं उरलेलं असेल तर नवल वाटून घेऊ नका.

दुसऱ्या युद्धात सहा टोकांचे स्टार आले. सगळे स्टार एकाच आकाराचे, पिवळसर धातूचे, मध्ये राजा सहाव्या जॉर्जचं चिन्ह आणि त्याभोवतीच्या कड्यात स्टारचं नाव इंग्रजीत. म्हणजे कडं वाचलं की ओळख पटली, आणि अक्षरं झिजली असतील तर रिबन बघा.

१९३९-४५ स्टारची रिबन गडद निळा, लाल, फिका निळा असे तीन सारखे पट्टे. गडद निळा नौदल आणि व्यापारी नौकांचा, लाल भूदलाचा, फिका हवाई दलाचा. खलाशाला हा मिळायला सहा महिने समुद्रावरची नोकरी आणि त्यात युद्धक्षेत्रातून किमान एक सफर लागायची. अटलांटिक स्टारची रिबन निळी, पांढरी, समुद्री हिरवी, रंग एकमेकांत विरघळल्यासारखे. आफ्रिका स्टार वाळूच्या रंगाची, मध्ये लाल. इटली स्टार लाल-पांढरी-हिरवी. बर्मा स्टार गडद निळी, मध्ये रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या निळ्यात एकेक नारिंगी रेघ. या शिवाय गोल, चांदीसारखं दिसणारं वॉर मेडल १९३९-४५, मागे दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह, हे २८ दिवसांच्या नोकरीलाही मिळायचं म्हणून ते जवळपास प्रत्येकाकडे असतं.

आता याचा उपयोग काय, तर हे मेडलं म्हणजे नकाशाच आहे. पेटीत १९३९-४५ स्टार आणि अटलांटिक स्टार असेल तर तुमचा माणूस अटलांटिकच्या बाजूला, बहुतेक काफिल्यांमध्ये, गेलेला आहे, कारण अटलांटिकचा स्टार पहिला स्टार कमावल्यावर वेगळे सहा महिने तिथे काढल्याशिवाय मिळत नव्हता. बर्मा स्टार असेल तर डिसेंबर १९४१ नंतर बंगालच्या उपसागराच्या बाजूला. इटली स्टार असेल तर जून १९४३ नंतर भूमध्य समुद्रात. कागदाचा एक तुकडा नसला तरी एवढं कळतं. स्टारच्या रिबनवर छोटी पट्टी लावलेली असेल तर ती आणखी एका क्षेत्राची, कारण काही स्टार एकमेकांच्या जोडीने देत नसत, दुसऱ्याच्या बदल्यात पट्टी देत.

आणि एखादं मेडल शौर्याचं निघालं, म्हणजे ब्रिटिश एम्पायर मेडल किंवा डिसेंबर १९४० मध्ये सुरू झालेलं लॉइड्सचं (लंडनची जहाज-विमा संस्था) समुद्रावरच्या शौर्याचं मेडल, तर त्याच्या कडेवर नाव असतं आणि तो सगळा शोधच बदलतो. सरकारी शौर्यपदकांच्या घोषणा लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, छापून यायच्या, ते गॅझेट ऑनलाइन फुकट सर्च करता येतं, बोटीचं नाव आणि साल टाकून बघा.

घोटाळा होतो तो इथे

"आजोबा नेव्हीत होते" असं घरात सांगतात तेव्हा नेव्ही म्हणजे नेमकं काय हे आधी सोडवा. रॉयल इंडियन नेव्ही वेगळी आणि मर्चंट नेव्ही वेगळी. बोटीच्या नावाआधी एच.एम.आय.एस. असेल तर नौदल, एस.एस. किंवा एम.व्ही. असेल तर व्यापारी. तिसराही प्रकार आहे, भूदलाच्या इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टमध्ये कोकणातले नाखवे आणि खलाशी भरती झाले होते, त्यांचे कागद लष्करी असतात. तिघांची कार्यालयं वेगळी, मेडलांचे नियम वेगळे. हे न बघता पत्रं पाठवली तर महिनोनमहिने "आमच्याकडे नोंद नाही" एवढंच उत्तर येत राहतं.

नली सापडली तर सगळं सापडलं

खलाशाचा सगळ्यात मोठा कागद म्हणजे सीडीसी, कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट, जुने लोक त्याला नली म्हणायचे. घरात म्हाताऱ्या बाईंना "सीडीसी आहे का" विचारलं तर नाही म्हणतील, "नली कुठे ठेवलीय" विचारा, लगेच कपाटाकडे हात जाईल. यात बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, उंची, अंगावरची खूण, फोटो, अंगठ्याचा ठसा असतो आणि मग एकेक बोटीची ओळ: बोटीचं नाव, तिचा ऑफिशियल नंबर, कधी आणि कुठे साइन ऑन, कधी आणि कुठे साइन ऑफ, हुद्दा काय. शेजारी शिक्का असतो, व्हेरी गुड. हा शिक्का म्हणजे त्या माणसाची पुढची नोकरी होती, तो नसला की सारंग पुढच्या बोटीला घेत नसे, म्हणून पाण्यात उडी मारतानाही नली जवळ ठेवायची सवय होती या लोकांना.

हुद्दे वाचताना ते आपल्याच लोकांचे शब्द आहेत हे लक्षात ठेवा. सारंग म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा म्होरक्या, टिंडल त्याच्या खालचा, सुकाणी म्हणजे चाक धरणारा, कसाब सामानाची कोठी सांभाळणारा, भंडारी स्वयंपाकी, टोपास झाडलोट करणारा, आणि खाली इंजिनात आगवाला, तेलवाला, कोयलावाला. रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस बहुतेक डेकवर सापडेल, सलूनमध्ये, म्हणजे जेवण वाढण्याच्या आणि केबिनच्या कामात, गोव्याचे लोक जास्त, इंजिनात पंजाब आणि सिल्हेटकडचे जास्त. नियम नाही, पण शोधताना वाट दाखवतं.

या माणसांचा पगार त्याच बोटीवरच्या गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा होता आणि झोपायची जागाही कायद्यानेच कमी. १९३९ च्या शेवटी युद्ध सुरू होताच भारतीय खलाशांनी ब्रिटनच्या बंदरांत आणि इतरत्रही संप केले, अनेकांनी तुरुंग भोगला, आणि त्यातून पगार वाढला. तुमच्या माणसाच्या नलीत १९३९-४० च्या हिवाळ्यात मोठा खंड दिसला तर हाही एक धागा तपासा. युद्धात ब्रिटिश व्यापारी बोटींवर सुमारे ५०,००० भारतीय खलाशी होते, म्हणजे ढोबळमानाने चारातला एक माणूस. हा आकडा शाळेत कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

नली नसेल तर

मग माणसं विचारायची. पण "आठवतंय का" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "नाही रे बाबा" असतं. तारखा कोणालाच आठवत नाहीत, घटना आठवतात, त्या धरून विचारा. मुंबईच्या गोदीत स्फोट झाला तेव्हा ते घरी होते की बोटीवर? तो दिवस १४ एप्रिल १९४४, फोर्ट स्टिकिन बोट व्हिक्टोरिया डॉकमध्ये फुटली. रामदास बोट बुडाली तेव्हा ते गावात होते का? १७ जुलै १९४७, गटारीची अमावस्या, रेवसला जाणारी बोट, सहाशेच्या वर माणसं गेली, कोकणात ही तारीख कोणी विसरत नाही. नौदलाचा उठाव, फेब्रुवारी १९४६. चले जाव, ऑगस्ट १९४२. अशा चार खुंट्या ठोकल्या की मधली वर्षं आपोआप टांगली जातात.

कंपनी विचारा, बोटीपेक्षा कंपनी लोकांना जास्त आठवते. बीआय म्हणजे ब्रिटिश इंडिया, पीएनओ म्हणजे पी अँड ओ, क्लॅन लाइन, सिटी लाइन, अँकर लाइन, हजच्या बोटीवाली मोगल लाइन, आणि आपली सिंदिया, जिच्या बोटींची नावं जलपद्म वगैरे "जल" ने सुरू व्हायची. "चिमणीला काळ्यावर दोन पांढऱ्या रेघा होत्या" असं कोणी सांगितलं तर तेही लिहून घ्या, चिमणीच्या रंगावरून कंपनी ओळखता येते, आणि बीआयच्या चिमणीची खूण अगदी हीच होती.

मुंबईत ते कुठे उतरायचे हेही विचारा. प्रत्येक गावाची मुंबईत खोली असायची, डोंगरी, नागपाडा, माझगाव भागात, तिथे नंबर लागेपर्यंत माणसं राहायची, पत्रं आणि मनीऑर्डरी तिथूनच यायच्या. गोव्याच्या लोकांची कूड होती तसंच. काही जमातींकडे, म्हणजे गावच्या मुसलमान मंडळींच्या संस्थांकडे, त्या खोल्यांच्या वह्या अजून आहेत. गावाकडे शाळेचं जनरल रजिस्टर बघा आणि तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद, हल्ली जात पडताळणीसाठी लोक तीच काढतात त्यामुळे कारकुनाला लगेच कळतं. मुसलमान घरांत निकाहची नोंद फार कामाची, त्यात बापाचं आणि वाडीचं नाव पक्कं असतं. हे सगळं कशाला, तर इंग्रजी कागदात जे नाव दिसेल ते आपलंच आहे का याची खात्री करायला बापाचं नाव, गाव आणि जन्मसाल ही तीन खुणेची दगडं हवीत.

पुण्यातल्या जुन्या घरांना एक प्रश्न वेगळा विचारा: १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात घर होतं का पाण्यात? नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांचे कागद तेव्हाच गेले असतील तर शोधण्यात वेळ घालवू नका, सरळ परदेशातल्या नोंदींकडे वळा.

नावांचं स्पेलिंग

इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. आडनाव बहुतेक लिहिलंच नाही, स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, झालं. चिपळूणचं चिपलून, रत्नागिरीचं रटनागेरी, वेंगुर्ल्याचं विंगोर्ला, हर्णैचं हर्नी, बाणकोटचं बँकूट. शेख, मोहम्मद, हुसेन यांची तर प्रत्येकी सात-आठ रूपं. मी एक कागद घेऊन एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला सुचतील तेवढी सगळी इंग्रजी रूपं लिहून ठेवतो, एच आहे-नाही, ओओ की यू, डबल अक्षर, आणि मगच सर्चला बसतो. वय पाच-सात वर्षांनी मागेपुढे चालतं, गाव जुळलं पाहिजे.

बोटीचा नंबर आणि तिचा प्रवास

बोटीचं नाव मिळालं की तिचा ऑफिशियल नंबर शोधायचा, कारण एकाच नावाच्या अनेक बोटी होत्या आणि लंडनमधले कागद नंबरानेच लावलेत. क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्टच्या वेबसाइटवर नाव टाकून नंबर फुकट मिळतो, आणि लॉइड्स रजिस्टर या बोटींच्या वार्षिक यादीची १९३० ते १९४५ ची पानं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलीत, त्यात बोट कुठे रजिस्टर होती, किती टनाची, कुठल्या साली बांधली ते कळतं. रजिस्ट्रेशनचं बंदर लक्ष देऊन बघा: ग्लासगो, लंडन किंवा लिव्हरपूल असेल तर कागद इंग्लंडमध्ये, मुंबईची बोट असेल तर आधी इथल्या शिपिंग मास्टरकडे, म्हणजे खलाशांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, चौकशी.

इंग्लंडचे कागद लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. मालिका, म्हणजे तिथे कागद लावलेल्या गटांचे क्रमांक, लक्षात ठेवा. बीटी ३८१ मध्ये दुसऱ्या युद्धातले क्रू ॲग्रीमेंट (बोटीवरच्या लोकांचे नोकरीचे करार) आणि लॉगबुकं, बोटीच्या नंबराने लावलेली. बीटी ३८९ मध्ये बोटींच्या हालचालींची कार्डं, कुठल्या तारखेला कुठल्या बंदरात. बीटी ३८२ मध्ये १९४१ नंतरच्या खलाशांच्या नोंदवह्या, त्यात भारतीय खलाशांचा भाग वेगळा. बीटी ३९५ मध्ये ज्यांनी युद्धानंतर मेडलं मागून घेतली त्यांची नावं, आणि बीटी ३५१ मध्ये पहिल्या युद्धाची मेडल कार्डं. बीटी ३७३ युद्धकैदी झालेल्यांसाठी, जर्मनीत व्यापारी खलाशांचा मिलाग नॉर्ड नावाचा कॅम्प होता आणि त्यात भारतीयांचा वेगळा विभाग होता. बीटी ३३४ समुद्रावर मेलेल्यांसाठी.

बीटी ३९५ मध्ये नाव नाही म्हणून हिरमुसू नका, ते फक्त मागणी केलेल्यांचं रजिस्टर आहे, व्यापारी खलाशाला मेडल घरपोच येत नसे, अर्ज करावा लागायचा. रत्नागिरीच्या वाडीत बसलेल्या निवृत्त खलाशाला ब्रिटनमध्ये कार्डिफला असलेल्या, बोटी आणि खलाशांच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रीच्या ऑफिसला अर्ज करायचा असतो हे कोण सांगणार होतं. म्हणजे कितीतरी माणसांची मेडलं कमावलेली आहेत पण घेतलेलीच नाहीत. आजही न घेतलेल्या मेडलसाठी वारस कार्डिफच्या त्या रजिस्ट्रीकडे विचारणा करू शकतात, पण हातात बोटींची यादी आणि तारखा असल्याशिवाय पत्र लिहू नका.

क्रू ॲग्रीमेंट हाच खरा खजिना. त्यात माणसाचं वय, जन्माचं गाव, आधीची बोट, पगार, कधी चढला, कधी उतरला. आधीची बोट हा रकाना म्हणजे साखळीची कडी, एका बोटीवरून मागच्या बोटीवर, तिथून आणखी मागे असं जाता येतं. क्यूला पुण्यातून ईमेल करून कॉपी मागवता येते पण आधी पानं तपासायचे पैसे आणि मग कॉपीचे पैसे असं महाग पडतं. त्यापेक्षा लंडनला कोणाचा तरी मुलगा-मुलगी शिकायला असतेच हल्ली, त्यांना ओळखपत्र नेऊन रीडर्स तिकीट काढायला सांगा, वाचनकक्षात स्वतःच्या मोबाइलने फोटो काढायला पैसे लागत नाहीत. नंबर आधी नक्की करून द्या, पोरांचा दिवस वाया घालवू नका.

पहिल्या युद्धाच्या वेळची बोट असेल तर १९१५ सालच्या क्रू लिस्ट पूर्ण ऑनलाइन आणि फुकट आहेत, आणि त्याआधी-नंतरच्या बऱ्याच लिस्ट कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत ठेवल्यात.

बोट बुडाली असेल तर

पाणबुडीने बुडवलेल्या बोटींची माहिती सगळ्यात चांगली जपलेली आहे. जर्मन पाणबुड्यांनी मारलेल्या बोटींची यू-बोट डॉट नेट ही वेबसाइट आहे, तारीख, जागा, किती वाचले, सगळं. दोन-तीन बोटी तरी माहीत असाव्यात म्हणून सांगतो. सिटी ऑफ बनारस, १७ सप्टेंबर १९४० ला अटलांटिकमध्ये बुडाली, तिची आठवण त्यावरच्या ब्रिटिश लहान मुलांमुळे काढतात आणि काढलीच पाहिजे, पण त्याच रात्री शंभराहून जास्त भारतीय खलाशी थंडीत लाइफबोटीतच गेले. गेरसप्पा, आपल्या जोगच्या धबधब्याजवळच्या गावाचं नाव, कोलकत्त्याहून चांदी घेऊन निघालेली, फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या नैऋत्येला बुडाली आणि अख्ख्या बोटीतून एकच अधिकारी जिवंत किनाऱ्याला लागला. चांदी २०१२-१३ मध्ये समुद्रातून वर काढली, त्याच्या बातम्या जगभर आल्या, खलाशांची नावं त्या बातम्यांत नव्हती. आणि तिलावा, मुंबईहून २० नोव्हेंबर १९४२ ला आफ्रिकेकडे निघाली, २३ तारखेला जपानी पाणबुडी आय-२९ ने बुडवली, ९५८ पैकी २८० माणसं गेली.

तुमचा माणूस समुद्रावरच गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर शोधा. आपल्याला खडकीची युद्धस्मशानभूमी जवळची म्हणून लोक तिथे जाऊन दगड वाचत बसतात, पण ज्यांची कबरच नाही अशा भारतीय खलाशांची नोंद मुंबईत आहे, मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या युद्धातल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक तिथे आहे, आणि दुसऱ्या युद्धाची नावं नोंदवहीत आहेत, व्यापारी खलाशी सुमारे ६,००० आणि नौदलाचे चारशेच्या वर, तशीच दुसरी वही बांगलादेशात चितगावला. वेबसाइटवर सर्च करताना "मर्चंट नेव्ही, इंडियन" हा पर्याय, मृत्यूचं साल आणि बोटीचं नाव एवढंच टाका, माणसाचं नाव टाकू नका, आणि त्या बोटीच्या सगळ्या नोंदी एकेक वाचा. बापाचं नाव आणि गाव बऱ्याचदा दिलेलं असतं. सेलर्स होमला पुण्याहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं, पण आधी फोन किंवा ईमेल करून विचारूनच जा. आणि सहा महिने पूर्ण व्हायच्या आत बोट बुडून गेलेल्या माणसालाही स्टारचा हक्क होता, हे लक्षात असू द्या.

मुंबईत आणखी कुठे

युद्धानंतरही माणूस बोटीवर राहिला असेल तर बॅलार्ड इस्टेटमधल्या नौ भवनात शिपिंग मास्टरचं ऑफिस, जुन्या सीडीसीच्या नंबरावरून चौकशी. १९६४ नंतर नोकरीत असेल तर सीमेन्स प्रॉव्हिडंट फंडात खातं असण्याची शक्यता, आणि खलाशांच्या युनियनमध्ये जुने सदस्य असतात त्यांच्याशी बोला. अर्ज लिहिताना "माझ्या आजोबांची सगळी माहिती द्या" असं लिहिलं तर काही मिळत नाही. नाव, बापाचं नाव, गाव, जन्मसाल, सीडीसी नंबर किंवा एका बोटीचं नाव आणि साल, आणि नेमकं काय हवंय ती एक गोष्ट. एका अर्जात एकच मागणी.

विकत घेणं, विकणं, पाठवणं

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी अशी मेडलं दिसतात. स्टारची ओतीव नक्कलही भरपूर फिरते, अक्षरं गोलसर आणि मऊ, कडेला साच्याची रेघ, मागची बाजू खडबडीत. पण माझं मत सांगतो, नाव नसलेलं सुटं स्टार मेडल विकत घेऊन कोणाचंच काही कळत नाही. नलीसकट किंवा पाकिटासकट गठ्ठा दिसला तर मात्र तो फुटू देऊ नका, विक्रेता मेडल एकाला आणि कागद दुसऱ्याला विकतो आणि एका माणसाचं आयुष्य तिथेच दोन तुकडे होतं. घेणं शक्य नसेल तर निदान परवानगी मागून सगळ्याचा एकत्र फोटो काढा.

परदेशातला संग्राहक चांगली किंमत देतोय म्हणून मेडल कुरियरने पाठवायच्या आधी थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरचा ऐतिहासिक महत्त्वाचा कागद खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या युद्धाची मेडलं आता शंभरी ओलांडतायत आणि दुसऱ्या युद्धातल्या नलीने पंचाहत्तरी कधीच ओलांडली. स्कॅन हवा तेवढा पाठवा.

ठेवायचं कसं

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात बुरशी धरते, तो या वस्तूंचा खरा शत्रू. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात मेडल ठेवू नका, काही वर्षांत हिरवट चिकट थर येतो. आम्लरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि पुड्या पावसाळ्याआधी बदलायच्या. दोन मेडलं एकमेकांवर घासतील अशी ठेवू नका. कागद वेगळ्या डब्यात, सपाट, घडी न घालता. फ्रेम करायचीच असेल तर फ्रेमवाल्याला फेव्हिकॉल लावू देऊ नका, पाठीच्या कापडाला दोऱ्याने टाचून घ्या आणि ऊन येत नाही अशा भिंतीला लावा, रिबनचे रंग उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत उडतात आणि मग बर्मा कुठली आणि अटलांटिक कुठली ते सांगता येत नाही.

शेवटी एक कागद मराठीत तयार करा, दोन पानं पुरेत: माणसाचं नाव, गाव, हुद्दा, बोटींची यादी तारखांसकट, प्रत्येक ओळीपुढे ही माहिती कुठून मिळाली ते, म्हणजे नलीतून, आजीच्या सांगण्यातून की क्यूच्या कुठल्या मालिकेतून. सांगोवांगीची गोष्ट आणि कागदावरची गोष्ट वेगळ्या शाईत लिहा. एक प्रत मेडलच्या डब्यात, एक गावाच्या शाळेला किंवा जमातीला, आणि समुद्रावर गेलेल्या माणसाची वॉर ग्रेव्हजच्या नोंदीत नावाची किंवा गावाची चूक असेल तर पुरावे जोडून त्यांना ईमेल करा, ते नोंद दुरुस्त करतात.